वाटाड्याचे देणे

जगातील बहुतेक धंद्यांत माल आधी दिसतो आणि मोल मागून द्यावे लागते. वाटाड्याच्या धंद्यात मात्र मोल आधी ठरते आणि माल मागून दिसतो. शिवाय तो माल वाटाड्याच्या मालकीचाही नसतो. राजवाडा त्याने बांधलेला नसतो, नदीतील मासा त्याने पाळलेला नसतो. मग गिऱ्हाइकाला तो विकतो तरी काय, आणि गिऱ्हाइकाच्या कोणत्या अपेक्षेला तो बांधील असतो? हा प्रश्न आम्हांला पडला तो तंजावरच्या राजवाड्यात, आणि तोही आमच्या हातून एक लहानसा अन्याय घडून गेल्यावर.

महाराष्ट्रातून आलेल्या एका मंडळीबरोबर आम्ही तो राजवाडा पाहत होतो. वाट दाखवावयास मिळालेला तरुण तिथल्याच एका जुन्या मराठी घरातील. मराठी घरचीच, परंतु तिला तमिळ हेल. या धंद्यात येऊन त्याला महिनाही झाला नव्हता. राजवाड्यात ठेवलेला देवमाशाचा प्रचंड सांगाडा पाहून आमच्यातील एक मुलगा "केवढा हा मासा!" म्हणून ओरडला, तेव्हा नावात मासा असला तरी हा मासा नव्हे, असे त्याने हसत सांगितले. सर्वांना कौतुक वाटले. परंतु हीच खोड त्याला पुढे महाग पडली.

मंडळींनी विचारले, "संभाजीराजे येथे आले, त्यांच्यासाठी या मुदपाकखान्यात नवे कालवण केले, म्हणून त्याला सांबार म्हणतात, ते हेच ठिकाण ना?" तो म्हणाला, अशी कथा येथे सांगतात खरी, परंतु तिला त्या काळच्या कागदाचा आधार असल्याचे आपणांस ठाऊक नाही. कोणी म्हणाले, "मराठ्यांनी काय वाडा बांधला आहे!" त्यावर, वाड्याचा आरंभ नायक राजांनी केला, मराठ्यांनी तो वाढविला, असे त्याचे उत्तर. शिवाजीमहाराज आणि व्यंकोजीराजे यांच्या बंधुप्रेमाचा विषय निघाला, तेव्हा व्यंकोजीराजे इकडे आले ते आदिलशाहीचे सरदार म्हणून, आणि १६७७ साली दोघे भाऊ भेटले तेव्हा वडिलांच्या दौलतीच्या वाटणीवरून बेबनाव होऊन प्रकरण लढाईपर्यंत गेले, हेही त्याने सांगून टाकले. मंडळींचे चेहरे उतरले. पलीकडे दुसरा एक अनुभवी वाटाड्या आपल्या मंडळीला सांबाराची कथा रंगवून सांगत होता आणि तिकडून टाळ्या ऐकू येत होत्या.

त्या अनुभवी माणसाच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. प्रवासी काही परीक्षेला बसलेला नसतो. वर्षभर साचविलेल्या पैशांतून त्याने आनंदाचे चार दिवस विकत घेतलेले असतात. एका कालवणाच्या कथेने कोणाचे घर बुडत नाही. आणि निव्वळ सनावळ्या ऐकवून पाहुण्याला कंटाळा आणणारा वाटाड्या खरे बोलला तरी आपल्या कामात उणाच पडला, हेही आम्ही मान्य करतो. रंजन हे त्याच्या देण्यातील एक कलम आहेच.

परंतु याच कावेरीच्या वरच्या अंगाची एक गोष्ट येथे उपयोगी पडेल. कर्नाटकात भीमेश्वरीच्या आसपास महसीर मासा गळाने धरावयास येणाऱ्या हौशी लोकांसाठी एके काळी मुक्काम उभारलेले होते. पूर्वी चोरून मासे मारणारे काही स्थानिक लोक तेथे वाटाडे झाले. धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडण्याची तेथे रीत होती. त्या नदीतील कुबड्या महसिराची आज अशी दशा आहे की, २०१८ पासून त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत होते. अशा वाटाड्याने "मासा मिळवून देतो" असे वचन देणे म्हणजे नदीच्या वतीने वचन देणे होय. डोह कोणता, वेळ कोणती, गळ कसा टाकावा, पाय कोठे ठेवू नये, एवढे त्याच्या हाती. मासा त्याच्या हाती नाही. आणि गिऱ्हाईक खूश व्हावे म्हणून त्याने गळाला मासा अडकवून दिला तर? अँटनीने क्लिओपात्रावर छाप पाडण्यासाठी पाण्यात बुड्या मारणाऱ्यांकडून आपल्या गळाला मासे लावून घेतले, आणि तिने ते ओळखून दुसऱ्या दिवशी खारवलेला मासा लावविला, ही प्लूटार्कने सांगितलेली कथा प्रसिद्ध आहे. सांबाराची कथा इतिहास म्हणून सांगणे हे असेच गळाला मासा लावणे आहे. त्यात पाहुण्याचा पैसा बुडत नाही, पण त्याची किंमत कमी केली जाते. त्याला खरे सोसणार नाही, असे आधीच ठरविलेले असते.

तेव्हा पाहुण्याच्या अपेक्षेचे दोन भाग करावे लागतात. जे वाटाड्याच्या हाती आहे त्याची अपेक्षा हे ऋण आहे. जे त्याच्या हाती नाही त्याची अपेक्षा ही केवळ इच्छा आहे. ऋण फेडलेच पाहिजे. इच्छेला फार तर सौजन्याने उत्तर द्यावे.

त्या तरुणाने आपले ऋण फेडले. राजवाड्यातून तो आम्हांला बृहदीश्वराच्या देवळात घेऊन गेला. चोळांनी बांधलेल्या त्या देवळाच्या आवारातील भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला भोसल्यांच्या वंशाचा इतिहास त्याने दाखविला. घरापासून इतक्या दूर, दगडावर, ओळींमागून ओळी मराठी! आमच्यातील म्हातारी माणसे बोट फिरवून अक्षरे लावू लागली. तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "हे राजाने आपल्या घराण्याविषयी लिहवून घेतले आहे, हे ध्यानात ठेवून वाचा." त्या क्षणी आम्हांला त्याचा राग आला, हे कबूल केले पाहिजे.

निघताना मंडळींनी वर्गणी काढून त्याला जे दिले ते ठरल्याहून कमी नव्हते. परंतु वर काही द्यावयाचे ते कोणी दिले नाही. आम्हीही दिले नाही. तो काही बोलला नाही. नमस्कार करून पुढच्या मंडळीकडे गेला.

आम्ही सरकारी कचेरीत कारकुनी करतो. मेजापलीकडे उभ्या असलेल्या माणसाला "होईल, आठवड्यात होईल" असे सांगितले की तो समाधानाने जातो, आणि "हे माझ्या हातात नाही" असे खरे सांगितले की तो आम्हांला उद्धट ठरवतो, हा आमचा रोजचा अनुभव आहे. पहिले वाक्य आम्ही किती वेळा उच्चारले याचा हिशोब आम्ही ठेवलेला नाही. त्या तरुणाने महिन्याभरात जे साधले ते आम्हांला बारा वर्षांत साधले नव्हते, आणि आम्ही त्याला त्याचाच दंड केला.

नवख्या वाटाड्याला खरे बोलण्याचा उपदेश करणे सोपे आहे. परंतु तो पुढच्या वर्षी काय सांगेल हे त्याच्या सचोटीवर जितके अवलंबून आहे तितकेच आमच्या खिशावरही आहे. खोट्या कथेला टाळ्या आणि खऱ्या शब्दाला नुसती ठरलेली मजुरी मिळत राहिली, तर एक दिवस तोही सांबाराची कथा सांगू लागेल. तेव्हा त्याला दोष देण्याचा अधिकार निदान आम्हांला तरी उरणार नाही.