स्वामित्व आणि सांभाळ

एखादी वस्तु "माझी" आहे, असें आपण दिवसांतून किती वेळां म्हणतों याची गणती कोणी ठेवीत नाहीं. परंतु या "माझी" शब्दाचा अर्थ काय, असें कोणीं खोदून विचारलें, तर सुशिक्षित मनुष्यहि क्षणभर घोटाळेल. कायदा म्हणतो, जिच्या कागदावर तुमचें नांव आहे ती वस्तु तुमची. व्यवहार म्हणतो, जी तुम्हांला विकतां येते ती तुमची. पन्नाशी उलटेपर्यंत या दोन उत्तरांनीं माझें समाधान होत असे. अलीकडे एका जुन्या मोटारीनें तें बिघडविलें. तो विचार वाचकांपुढें मांडण्याचा हा यत्न आहे.

मोटार आमच्या वडिलांची. १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट. वडील वाशीमास वकिली करीत. वाशीम हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजीं. तोंपर्यंत आम्ही अकोला जिल्ह्यांत मोडत असूं, आणि जिल्हा न्यायालयाच्या कामासाठीं वडिलांना मालेगांव, मेडशी, पातूर या वाटेनें अकोल्यास जावें लागे. वैशाखांत परततांना पातूरचा घाट चढूं लागलें कीं रेडिएटरांतील पाणी उकळे. मग गाडी सावलीला लावून, तें निवेपर्यंत वडील पक्षकाराचे कागद चाळीत बसत. वडील गेल्यास आज बारा वर्षें झालीं. गाडी माझ्या नांवावर चढली, आणि त्याच दिवसापासून मी स्वतःस तिचा मालक समजूं लागलों.

या गाडीचें कुळ इटलीचें. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली, आणि पुढें फियाट कंपनीच्या सहकार्यानें कुर्ल्याच्या कारखान्यांत या मोटारी तयार होऊं लागल्या. हीच गाडी कालांतरानें "पद्मिनी" झाली व मुंबईची टॅक्सी म्हणून सर्वांच्या परिचयाची झाली. तशी शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्यावरून उतरली. दिसण्यांत ही गाडी साधीभोळी. पण तिचे आप्त मोठे आहेत. दांते जाकोसा या अभियंत्यानें रचलेल्या, १९३७ सालच्या फियाट ५०८ सी या मोटारीचें १०८९ सी. सी.चें इंजिन हा आमच्या गाडीच्या इंजिनाचा मूळपुरुष. एन्झो फेरारी यांनीं १९४० सालीं आपली पहिली स्वतंत्र शर्यतीची मोटार उभी केली, ती याच ५०८ सी चे भाग घेऊन. तशा दोन मोटारी त्या वर्षीं ब्रेशियाच्या शर्यतीत उतरल्या, आणि दोन्ही शेवटपर्यंत पोहोंचल्या नाहींत. पुढें या घराण्याच्या दोन शाखांचें दैव किती भिन्न झालें पाहा. १९६२ सालची एक फेरारी २५० जी. टी. ओ. २०१८ मध्यें लिलांवांत सुमारें ४ कोटि ८४ लाख डॉलरांस विकली गेली. आमच्या गाडीला भंगारवाला वजनावर भाव सांगतो.

अशा मोलाच्या मोटारींचे ग्राहक इंजिनावरचा क्रमांक मूळचाच आहे ना, हें सोनाराप्रमाणें पारखून घेतात. त्यांतल्या कित्येक मोटारी थंड केलेल्या कोठारांत, कापडाखालीं झांकून, ठेवीच्या पावतीप्रमाणें जपल्या जातात. मूळचें तेंच खरें, आणि न वापरलेलें तेंच मौल्यवान, असा हा दंडक आहे. तो आमच्या गाडीस लावूं गेलें तर ती केव्हांच बाद होईल. तिचे पिस्टन व रिंगा दोनदां बदलल्या आहेत. तळाचा पत्रा गंजला तो कापून नवा जोडला. उंदरांनीं वायरिंग खाल्लें तें सगळें नव्यानें ओढलें. इथेनॉलमिश्रित पेट्रोल आल्यापासून जुन्या रबराच्या नळ्या टिकेनात, म्हणून त्याहि गेल्या. मग वडिलांची गाडी म्हणून मी जिला हात लावतों ती कोणती? थीसियसच्या जहाजाचें हें कोडें मीं पंचवीस वर्षें वर्गांत शिकविलें. तें स्वतःच्या ओसरीपुढें उभें राहील असें मात्र कधीं वाटलें नव्हतें.

त्याचें उत्तर मला ग्रीसमध्यें सांपडलें नाहीं, आमच्याच जिल्ह्यांतील कारंजा गांवीं सांपडलें. तेथील जैन ग्रंथभांडारांत अपभ्रंश भाषेचीं हस्तलिखितें शतकानुशतकें राहिलीं. दहाव्या शतकांतील पुष्पदंत कवीचें "जसहरचरिउ" डॉ. प. ल. वैद्य यांनीं १९३१ सालीं, व "णायकुमारचरिउ" डॉ. हिरालाल जैन यांनीं १९३३ सालीं संपादून कारंजा ग्रंथमालेंत प्रसिद्ध केलें. पुष्पदंताच्या हातचें पान आज कोणाजवळहि नाहीं. जें टिकलें तें नकलेवरून नक्कल करणाऱ्या, पोथ्या फडक्यांत बांधणाऱ्या, त्यांना वाळवीपासून जपणाऱ्या हातांमुळें टिकलें. पान बदललें, शाई बदलली, लेखनिक बदलले. ग्रंथ तोच राहिला, कारण तो वाचतां यावा हा हेतु सुटला नाहीं. तेव्हां वस्तूचें तेंपण तिच्या द्रव्यांत जितकें आहे, त्याहून अधिक तिच्या अखंड चाललेल्या कार्यांत व तें चालतें ठेवणाऱ्या परंपरेंत आहे, असें मला वाटूं लागलें आहे.

येथें कोणी आक्षेपक म्हणेल कीं, हा सारा शौकाला दिलेला तत्त्वज्ञानाचा मुलामा आहे. ज्या वाशीमचें नांव २००६ सालीं शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें केंद्र सरकारच्या मदतयोजनेंतील विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत आलें, आणि २०१८ सालीं देशांतील मागें राहिलेल्या जिल्ह्यांच्या यादींत आलें, तेथें प्राध्यापकानें जुन्या मोटारीवर पैसा घालावा काय? आक्षेप हलका नाहीं. माझा वर्षाचा खर्च नव्या मोटारीच्या दोनतीन हप्त्यांहून अधिक नाहीं, असें उत्तर मला देतां येईल. पण तें फार सोयीचें आहे, म्हणूनच मी त्यावर विसंबत नाहीं. गाडी नव्यांहून अधिक धूर सोडते, हें खरें. तिला पट्टे नाहींत, म्हणून लहान मुलांना मी तींत बसवीत नाहीं व रात्रीं ती बाहेर काढीत नाहीं. इतकें करूनहि दोष उरतोच, आणि तो मी कबूल करतों.

तथापि एक गोष्ट आक्षेपकानेंहि ध्यानांत घ्यावी. आमच्या भागांतला शेतकरी विहिरीवरचा पंप दहा वेळां बांधून घेतो, ट्रॅक्टर दोन पिढ्या चालवितो. दुरुस्ती ही येथें गरिबाची नित्याची विद्या आहे; शौक हें तिचें नांव ती सुखवस्तु माणसाच्या दारीं आल्यावर पडतें. ही विद्या मला ज्यांनीं थोडीबहुत शिकविली ते आमचे मिस्त्री आज साठीच्या पुढें आहेत. लहानपणीं ते ज्या गॅरेजांत उमेदवारी करीत, तेथेंच वडिलांची गाडी येई. म्हणजे तिचा त्यांचा परिचय माझ्याहून जुना. टॅपेटचा आवाज ऐकून ते अंगणांतूनच सांगतात कीं, फट वाढली आहे. किंगपिनला ग्रीस द्यावयास मी विसरलों तर त्यांना स्टीअरिंग हातीं धरतांच कळतें. नांव माझें आणि ज्ञान त्यांचें, असा हा प्रकार आहे. मग गाडी कोणाची?

या प्रश्नाचा निकाल लावण्याची वेळ गेल्या वर्षीं आली. नागपूरच्या एका गृहस्थांना ती आपल्या उपाहारगृहाच्या दर्शनीं भागांत शोभेसाठीं हवी होती, आणि ते चांगली किंमत देत होते. दुसरीकडे माझ्या एका स्नेह्यांनीं सुचविलें कीं, केंद्र सरकारच्या २०२१ सालच्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांवरील मोटारीची २०,००० रुपये भरून वेगळी नोंदणी करतां येते, तशी करावी. या नियमांत गाडी मूळ स्वरूपांत असावी अशी अट आहे, आणि अशी गाडी नित्याच्या वापरासाठीं रस्त्यावर आणतां येत नाहीं. प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती बाहेर निघावी. म्हणजे एका वाटेनें गाडी भिंतीशीं उभी राहाणार, दुसरीनें बहुधा ओसरीपुढें. मीं मिस्त्रींना विचारलें, "मिस्त्री, तुम्ही काय कराल?" ते म्हणाले, "सर, गाडी चालवली तर झिजते, उभी ठेवली तर मरते. झिजलं ते मी करून देतो. मेलं त्याला इलाज नाही."

हें अक्षरशः खरें आहे. उभ्या गाडीच्या कार्ब्युरेटरांत पेट्रोल आटून चिकटा धरतो, ब्रेकचें तेल हवेंतला ओलावा शोषून घेतें व आंतले भाग गंजून अडकतात, बॅटरी बसते. न उघडलेल्या पोथीस वाळवी लागते, तसेंच हें.

मीं गाडी विकली नाहीं, आणि नवी नोंदणीहि केली नाहीं. नेहमींच्या नियमाप्रमाणें तिची तपासणी करून पुढील पांच वर्षांची मुदत घेतली. आठवड्यांतून दोनदां ती मला महाविद्यालयांत नेते. परंतु माझ्यामागें तिचें काय, हा प्रश्न उरलाच. पुण्यास असलेल्या माझ्या मुलीस विचारलें. ती म्हणाली, "बाबा, गाडी मला नको, पण ती चालू आहे एवढं मला कळवत जा." तेव्हां माझे हात थकल्यावर गाडी मिस्त्रींच्या हाताखालीं तयार झालेल्या मुलाकडे जावी, असें लिहून ठेवण्याचें मीं ठरविलें.

ठरविणें सोपें होतें. तो कागद पुरा करावयास मला तीन दिवस लागले. अपरिग्रहावर मीं आजवर जितकीं व्याख्यानें दिलीं, त्यांपैकीं एकहि त्या तीन दिवसांत माझ्या उपयोगीं पडलें नाहीं. अखेर वडील घाटांत पाणी निवेपर्यंत थांबत, तें आठवलें. ती वेळ त्यांनीं गाडीस दिली होती, आणि तेवढ्याच मर्यादेंत ती त्यांची होती. माझीहि ती तेवढीच आहे.