पाते आणि गळ

माझ्या भाच्याचे वास्तव्य गेली पुष्कळ वर्षे अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील सिॲटल शहरी असून, शरद ऋतूत समुद्रातून नदीकडे परतणाऱ्या सॅमन माशांसाठी गळ टाकणे हा त्याचा एकमेव शौक आहे. गेल्या खेपेस पुण्यास आला तेव्हा त्याने कागदावर दोन आकृती काढून माझ्या हाती दिल्या आणि म्हणाला, "मामा, कसब्यातल्या तांबटांकडून ही दोन पाती करून घ्या ना. हाताने ठोकलेल्या पात्याची चमक यंत्रातून निघालेल्या पात्याला येत नाही."

ज्याला ते लोक स्पिनर म्हणतात त्याचा तपशील मला त्याच संध्याकाळी कळला. एक ताठ तार, तारेभोवती फिरणारे धातूचे पाते, ते तारेवर धरून ठेवणारी नालाच्या आकाराची लहान कडी, दोन-तीन मणी, दोर पिळू नये म्हणून वरच्या टोकाला फिरती कडी आणि खालच्या टोकाला गळ, एवढाच सारा सरंजाम. त्यावर ना पीठ, ना गांडूळ, ना कसलाही खाद्यपदार्थ. गोल पाते तारेपासून दूर फेकले जाऊन संथ ओढीनेही फिरते व पाण्यात जड थरथर उठवते, तर विलोच्या पानासारखे लांबट पाते तारेला बिलगून वेगाने फिरते, थरथर कमी करते आणि लखलख अधिक; म्हणून गढूळ, मंद पाण्यात पहिले आणि स्वच्छ, वाहत्या पाण्यात दुसरे, असा साधारण शिरस्ता. माशाच्या दोन्ही कुशींवर पार्श्वरेषा नावाचे एक इंद्रिय असते, त्याने तो पाण्याचे सूक्ष्म कंपन जाणतो. त्या इंद्रियाला काय भासेल आणि त्याच्या डोळ्याला काय दिसेल, याचा बारकाईने विचार करून पात्याचा आकार, जाडी आणि धातू ठरवावा लागतो. भाच्याचे हे विवेचन मी कौतुकाने ऐकले, हे येथे नमूद करणे मला भाग आहे.

तांबट आळीत गेलो. पेशवाईत कोकणातून येऊन वसलेली ही वस्ती. तांब्यावर लहान हातोडीने अगदी जवळजवळ ठोके देत जाण्याच्या ज्या क्रियेला तेथे मठारकाम म्हणतात, तिने पत्रा नुसता शोभिवंत होत नाही, तर तापवून मऊ केलेले तांबे पुन्हा कडक होते, आणि पाण्याच्या दाबाखाली वाकू नये असे पाते हवे असेल तर हीच गोष्ट कामाची. कारागिराने कागद पाहिला, पत्र्याचा एक तुकडा बोटांत तोलला आणि सहज विचारले, "काका, हे माशाला फसवायचं का?"

"छे, शोभेची वस्तू आहे," मी म्हणालो.

असे का म्हणालो, याचा उलगडा करण्यात माझे पुढचे अनेक दिवस गेले. माशाची शिकार म्हटली की आपल्याकडे प्रश्न उभा राहतो तो अहिंसेचा, आणि त्याची चर्चा आपल्या शास्त्रकारांनी विलक्षण सूक्ष्मतेने केलेली आहे. पतंजलींच्या योगसूत्रांच्या दुसऱ्या पादावरील व्यासभाष्यात मर्यादित अहिंसेचे पहिलेच उदाहरण कोळ्याचे आहे: तो मासे मारतो, पण माशांवाचून अन्य प्राण्यास इजा करीत नाही. दुसरे उदाहरण तीर्थक्षेत्री हिंसा न करणाऱ्याचे. महाडजवळ काळ नदीवरील वाळण कोंडीत वरदायिनी देवीचे म्हणून महाशीर मासे ग्रामस्थ आजही राखतात, तेथे हे दुसरे उदाहरण डोळ्यांनी पाहता येते. कोंडीबाहेर मात्र ही राखण चालत नाही. आपल्या दख्खनी महाशीराला शास्त्रीय नाव मिळाले ते 1839 साली, पूर्वी मुंबई सरकारच्या सेवेत असलेल्या कर्नल साईक्स यांनी पुण्याच्या मुळा-मुठेतील माशावरून केलेल्या वर्णनामुळे. ज्या नदीने या जातीची ओळख जगाला करून दिली, तिच्या आजच्या पाण्याकडे पाहिले म्हणजे गळ न टाकताही केवढा द्रोह घडू शकतो हे कळते, आणि मन विषण्ण होते.

भाच्याची कैफियत अशी की, तो बहुतेक मासे पुन्हा पाण्यात सोडून देतो. तिकडच्या अनेक पाण्यांवर सॅमनसाठी उलटा काटा नसलेला एकेरी गळच वापरावा असा नियम आहे. तिहेरी गळ तोंडात दोन-तीन ठिकाणी रुततो, काढताना मासा अधिक वेळ हातात राहतो, आणि उलट्या काट्याने जखम फाटते. हिंसेचे मृदू, मध्य आणि अधिमात्र असे भेद पतंजलींनी स्वतः केले असल्यामुळे हा विवेक क्षुल्लक आहे असे मी म्हणणार नाही. तिहेरीऐवजी एकेरी गळ निवडणारा मनुष्य काहीतरी खरोखरच कमी करतो. परंतु हा सारा हिशेब गळाचा झाला. पात्याचा हिशेब कोठे मांडायचा?

सत्याचे विवरण करताना तेच भाष्य सांगते की, आपले ज्ञान दुसऱ्यास पोहोचवण्यासाठी उच्चारलेली वाणी वंचना करणारी नसावी. आता कोणी म्हणेल की, मासा हा वाणीचा विषयच नव्हे. पाते बोलत नाही आणि मासा ऐकत नाही. मला हा युक्तिवाद टिकणारा वाटत नाही. दगडाला कोणी फसवत नाही. ज्याच्या डोळ्याला काय दिसेल, कुशीला काय जाणवेल आणि त्यावरून तो काय समजेल याचा अभ्यास करून आपण धातूची निवड करतो, त्याला आपण अगोदरच ज्ञाता म्हणून मान्य केलेले असते. आणि ही मान्यता दिल्यानंतरच त्याचे ज्ञान बिघडवतो. जाळे टाकणारा भोई माशाला अडवतो, पण त्याला काही खोटे सांगत नाही. मासा सोडून दिल्याने हिंसेच्या खात्यात थोडी तरी सूट मिळते. उच्चारलेले असत्य मात्र सोडून देता येत नाही.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने माशाला गुरू केले ते जिव्हेच्या लोभाने त्याचा घात होतो म्हणून, आणि एकनाथांनी मराठीत आणलेला तो उपदेश आपल्या घराघरात पोहोचला. पण नदीत शिरलेला सॅमन अन्न घेत नाही. त्याचे जठर आक्रसत जाते, समुद्रात साठवलेल्या बळावर तो जन्मस्थानापर्यंत चढतो, आणि प्रशांत महासागरातील जाती तेथे अंडी घालून प्राण सोडतात. असा उपोषित प्रवासी फिरत्या पात्यावर तुटून पडतो तो भुकेने नव्हे. कोणी म्हणतात चिडून, कोणी म्हणतात समुद्रातल्या जुन्या सवयीने. आपल्या परिभाषेत त्याला संस्कार म्हणावे. तेव्हा येथे लोभाचा दोष त्याच्या माथी मारण्याची सोयही उरत नाही. जे काही खोटे आहे ते सर्वस्वी तीरावरच्या माणसाचे, आणि कृत, कारित व अनुमोदित, म्हणजे केलेले, करवलेले व संमती दिलेले, या तिन्हींना पतंजलींनी सारखेच धरले असल्यामुळे, कागद घेऊन कसब्यात गेलेल्या मामाचेही.

आणि ते असत्य पाण्यात पडण्यापूर्वीच एकाला लागले होते. ज्याने सरळ प्रश्न विचारला, त्याला मी शोभेची वस्तू असे उत्तर दिले होते.

दहाव्या दिवशी पाती तयार झाली. गोल पात्यावरचे ठोके माशाच्या खवल्यांसारखे एकाला एक लागून बसले होते. पैसे देण्यापूर्वी मी त्याला म्हणालो की, त्या दिवशी खोटे बोललो; ही पाती माशाला फसवण्यासाठीच आहेत. त्याने दुसरे, लांबट पाते उलटे करून उजेडात धरले, त्याची कड अंगठ्याने तपासली आणि विचारले, "मग न्यायची का ठेवायची?"

मी गोल पाते घेतले नाही, लांबटही घेतले नाही. मजुरी पूर्ण दिली आणि भाच्याला त्याच रात्री सविस्तर पत्र लिहावयास बसलो.