फुकट खेळणाऱ्यांचा हिशोब

गाचा गेम एक रुपयाही न भरता खेळणाऱ्यांचा एक खास माज असतो. ‘मी आजवर एक पैसा टाकलेला नाही’ हे वाक्य आम्ही निर्जळी उपवास सांगावा तशा आवाजात सांगतो. मी चार वर्षं ‘गेनशिन इम्पॅक्ट’ फुकट खेळतेय, त्यामुळे हा आवाज मला चांगला ओळखीचा आहे. पण सर्व्हर, चित्रं, संगीत, अधूनमधून येणारा नवा प्रदेश, याचे पैसे कुणीतरी भरतंच. मग माज नेमका कशाचा?

ज्यांनी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जपानमध्ये नाणं टाकून मूठ फिरवली की प्लास्टिकच्या गोळ्यातून खेळणं बाहेर येतं, कुठलं ते नशिबावर. ‘गाचा’ हा शब्द त्या यंत्रावरून आला. सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या गेनशिनमध्ये खेळण्यांऐवजी पात्रं मिळतात. एका ‘विश’ला १६० प्रिमोजेम लागतात आणि पंचतारांकित पात्र मिळण्याची शक्यता ०.६ टक्के. नव्वदाव्या विशपर्यंत एक पक्कं मिळतं, पण ते हवं तेच असेल असं नाही. नसलं तर त्यापुढचं मात्र नक्की तेच. म्हणजे नशीब अगदीच फुटकं असेल तर १८० विश, २८,८०० प्रिमोजेम. रोजच्या चार कामांचे ६० मिळतात. नुसत्या तेवढ्यावर बसलात तर ४८० दिवस. (इव्हेंट वगैरेतून आणखी मिळतात, एवढं रडायला नको.) विकत घ्यायचं तर ९९.९९ डॉलरच्या सर्वांत मोठ्या पॅकमध्ये, पहिल्या खरेदीचा बोनस सोडल्यास, ८,०८० येतात. साडेतीनही पुरत नाहीत. एका पात्रासाठी!

माझा मामेभाऊ अकरावीत आहे. गेल्या दिवाळीत म्हणाला, “ताई, भारी टीम बांधून दे. पण पप्पांकडे पैसे मागायचे नाहीयेत.” मला असले प्रश्न फार आवडतात. मर्यादा घट्ट असली की इंजिनिअरिंगला मजा येते. त्याला सांगितलं, चारतारांकित पात्रांना हसू नकोस. श्यांगलिंग फुकट मिळते, स्पायरल ॲबिसचा तिसरा मजला पूर्ण केला की झालं. शिंगचिऊ आणि बेनेट नशिबाने येतील, नाहीतर चिनी नववर्षाच्या सुमारास होणाऱ्या लँटर्न राइटमध्ये लियूएचं एक चारतारांकित पात्र निवडून घेता येतं. तेव्हा शिंगचिऊ घे. चौथी जागा सुक्रोजला दे, ती नसेल तर ट्रॅव्हलर आहेच.

मग क्रम. आधी बेनेटचं वर्तुळ टाक, त्यात उभा राहणारा बरा होतो किंवा त्याच्या हल्ल्याचा जोर वाढतो. मग शिंगचिऊच्या पाण्याच्या तलवारी. मग वर्तुळात उभं राहूनच श्यांगलिंगचं आगीचं चक्र सोड. बाहेर पडलास तरी बेनेटने दिलेला जोर त्या चक्रात टिकून राहतो. भिजलेल्या शत्रूवर आग पडली की फटका दीडपट. पंचतारांकित पात्रं घेऊन अडखळणाऱ्यांना ही टीम मागे टाकते. इथे पैशाची जागा समज घेते, आणि आमचा माज असेल तर तो या समजेचा असावा.

पण ही टीम इतकी चांगली का आहे, हेही बघायला हवं. मीही ॲप बनवते. फुकट वापरणारा टिकला पाहिजे, यावर आमच्याकडे तासन्‌तास चर्चा होते. तो टिकला तर आज ना उद्या पैसे भरण्याची शक्यता उरते, आणि नाही भरले तरी त्याच्यामुळे गर्दी दिसते. गर्दी असल्याशिवाय महागड्या पात्राचा रुबाब कुणाला दाखवायचा? म्हणजे श्यांगलिंग फुकट देणं हाही धंद्याचाच भाग. भावाला मी टीम शिकवली, तेव्हा त्या धंद्याला एक गिऱ्हाईक टिकवून दिलं.

यावर नेहमीचं उत्तर असं की भरणारे श्रीमंत असतात, त्यांचा छंद आहे, भंडाऱ्यासारखं समजा; एकजण अन्नदान करतो, गाव जेवतं. मला हे पटत नाही. भंडारा घालणाऱ्याला आपण काय देतोय ते माहीत असतं, तो ठरवून देतो. इथे देणारा बऱ्याचदा रात्री दोन वाजता सत्तराव्या विशवर अडकलेला असतो. आता थोडेच राहिले, एवढंच त्याच्या डोक्यात असतं. नव्वदाच्या हमीला खेळाडूंनीच नाव दिलंय ‘पिटी’, म्हणजे दया! आणि तो श्रीमंतच असतो कशावरून? जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने याच कंपनीशी २ कोटी डॉलरचा समझोता केला. दुर्मीळ बक्षिसं मिळण्याची शक्यता आणि त्यांची खरी किंमत याबाबत मुलांची आणि इतरांची दिशाभूल केल्याचा आरोप होता. अनेक आरोप चुकीचे आहेत असं म्हणत कंपनीने पैसे भरायचं मान्य केलं. सोळा वर्षांखालच्यांना पालकांच्या संमतीशिवाय असल्या पेट्या विकायच्या नाहीत, ही त्यातली एक अट. म्हणजे माझ्या फुकटेपणाचं बिल भरणारा माझ्या भावाच्याच वयाचा असू शकतो.

मी गेम सोडला तर त्याचे पैसे परत येणार नाहीत, हे खरं. पण म्हणून माझा संबंध संपत नाही. संयम हा माझा गुण आहे, असंही मी म्हणणार नाही. मला पगार आहे, संभाव्यता शिकलेली आहे, आणि त्या चमकत्या ताऱ्याने माझं डोकं फारसं फिरत नाही. यातलं शेवटचं निव्वळ नशीब. ज्याच्याकडे या तिन्ही गोष्टी नाहीत, त्याला नुसती टीम शिकवणं मला अर्धवट वाटतं. गेममध्ये ओढायचा तर त्याला दरही समजावून सांगावा लागतो.

म्हणून भावाला कॅल्क्युलेटर उघडायला लावला. ०.९९४ चा दहावा घात. दहा विशमध्ये एकही पंचतारांकित न येण्याची शक्यता ९४ टक्क्यांच्या वर. त्याने दोनदा करून पाहिलं.

“म्हणजे जे भरतात ते येडे?”

“नाही. त्यांच्यामुळे आपण खेळतोय.”

“मग तुझी टीम फुकट कुठेय, ताई?”

“नाहीच आहे,” मी म्हटलं.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग श्यांगलिंगला कुठला भाला द्यायचा ते विचारलं. इनाझुमाला पोचलास की मासे पकडून ‘द कॅच’ मिळतो, म्हटलं. वेळ लागतो, पैसे लागत नाहीत.