नकार आणि नाकारणारा

सोनपेठसारख्या गोदाखोऱ्यातील तालुक्याच्या काळ्या जमिनीला मानवणारे सूर्यफूल हे तत्त्वचिंतकानेही जवळून पाहावे असे पीक आहे. त्याच्या तबकडीतील प्रत्येक बारीक फुलात परागकोशांची नळी आधी पिकते, मग तिच्यातून वर सरकणारे कुक्षीवृंत आतला पराग बाहेर ढकलते आणि त्यानंतरच कुक्षीचे दोन फाटे उलगडतात. तरीही स्वतःचा पराग त्यांवर पडलाच, तर मूळच्या वाणांत तो बहुधा रुजत नाही. या गुणाला स्व-असंगती म्हणतात. मोहरीच्या कुळात तिची यंत्रणा स्पष्ट झाली आहे: परागाच्या आवरणातील एक लहान प्रथिन कुक्षीवरील ग्राहक प्रथिनाशी जुळले, की परागनलिका वाढण्याआधीच रोखली जाते; या दोन्ही प्रथिनांची जनुके लगतच असून ती एकत्रच वारशाने जातात.

खरा प्रश्न येथेच उभा राहतो. आपले कोणते हे ओळखल्याशिवाय ते नाकारता येत नाही. मग जाणणारा कोणी नसताना ही ओळख कोणाची? सांख्यदर्शनाचे उत्तर येथे विशेष समर्पक वाटते, कारण त्याने निश्चय करणारी बुद्धीही जड प्रकृतीतच धरली आणि पुरुषाकडे, म्हणजे साक्षी चैतन्याकडे, केवळ पाहणे ठेवले. मात्र फुलाच्या या नकारात सगोत्र विवाहाच्या निषेधाला आधार शोधणे सर्वस्वी चुकीचे आहे; गोत्र पित्याकडूनच चालते, ही जनुके मातापिता दोघांकडून येतात, आणि पैदासकारांनी संकरित सूर्यफुलासाठी स्वपराग स्वीकारणारी झाडे मुद्दाम निवडली आहेत.