आवडणारं उत्तर

यवतमाळात दत्त चौकातून आर्णी रोडपर्यंत एखाद्या मुलासोबत पायी गेलं, तर ती बातमी आपल्याआधी घरी पोचते. म्हणून फोनमधला प्रियकर बरा, असं मी स्वतःला सांगत आले. हे कारण खोटं नाही, अर्धं आहे. उरलेलं अर्धं मी बघायचं टाळलं.

'मिस्टिक मेसेंजर' हा २०१६ साली आलेला कोरियन गेम. मुलींसाठी असे प्रेमाचे खेळ जपानात १९९४ च्या 'अँजेलिक'पासून निघताहेत. २०२४ च्या 'लव्ह अँड डीपस्पेस'मधला नायक तर अभ्यासाला सोबत बसतो. माझा जीव मात्र त्या जुन्या मेसेंजरमधल्या सेव्हन नावाच्या नायकावर जडला. त्याची कथा अकरा दिवसांची, आणि ती आपल्या घड्याळाप्रमाणे चालते. गप्पा उघडण्याची वेळ कधी रात्री तीनची. झोप लागली की त्या गप्पा हुकल्या, मग गेममधली वाळूची घड्याळं खर्चून त्या परत घ्यायच्या. मी गजर लावून उठायची. आजारी आजीला पाणी द्यायला मी अशी कधी उठले होते का, हे मला आठवून बघावं लागतं.

लोक म्हणतात, असला प्रियकर कधी रुसत नाही, म्हणून पोरी भुलतात. सेव्हन रुसतो. विनोद करता करता एकाएकी तुटक होतो, माझ्यापासून लांब राहा म्हणतो. मी चिडले नाही, समजून घेत राहिले, आणि आपण किती प्रेमळ आहोत याचं मला कौतुक वाटलं. पण ती समजूत कशी होती? समोर दोन-तीन तयार उत्तरं. त्याला आवडणारं निवडलं की पडद्यावर हृदय उमटतं. मला काय वाटतं हा प्रश्नच तिथं नव्हता. सेव्हन खोटा नव्हता, त्याला लिहिलं तसं तो बोलत होता. खोटं मी बोलत होते.

गेमबाहेरही तेच. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं जिल्ह्यातला कापूस खाल्ला. एका मैत्रिणीच्या घरचाही गेला. शिकणं सोडू का, असं तिनं मला विचारलं. सोडू नको, हे माझ्या ओठांवर होतं. पण तिचा चेहरा बघितला आणि म्हणाले, "तुला बरं वाटेल ते कर." ती हसली. मला हृदय मिळालं. तिनं शिक्षण सोडलं.

हे मला गेमनं शिकवलं, असं म्हणून मोकळी होऊ शकते. पण खोड त्याच्या आधीची आहे. बाबा वावरातून कोणत्या मूडमध्ये आले ते बघून बोलायचं, पाहुण्यांसमोर विचारलं तेवढंच सांगायचं, हे आम्ही पोरी लहानपणीच शिकतो. गेमनं त्या खोडीला फक्त गुण दिले.

सेव्हनच्या कथेत मी रडले, ते रडणं मात्र मी खोटं म्हणणार नाही. त्याच्या एकटेपणात मला माझं काहीतरी दिसलं होतं, आणि ते सांगायला तेव्हा दुसरं कुणी नव्हतं.

आता घरी स्थळांची बोलणी सुरू आहेत. मुलाशी दहा मिनिटं एकटं बोलू देतील. सेव्हनबद्दल त्याला सांगावं असं वाटतं. फक्त त्याच्या कपाळावर आठी दिसली की "तसं काही नव्हतं हो, टाइमपास" असं माझ्या तोंडून निघणार नाही, याची मला आज तरी खात्री नाही.