मृत माणूस कोणाचा?

दिवंगतांची रक्षा अग्निबाणातून अंतराळात पाठविण्याचा प्रघात पाश्चात्त्य देशांत सुरू होऊन आता पाव शतकाहून अधिक काळ लोटला आहे. २१ एप्रिल १९९७ रोजी अमेरिकेतील सेलेस्टिस या कंपनीने चोवीस जणांची रक्षा पृथ्वीभोवती फिरत ठेवली. 'स्टार ट्रेक' या दूरचित्रवाणी मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी त्यांपैकी एक. प्रत्येकाची राख होती अवघी काही ग्रॅम. देहाची उरलेली दोन-तीन किलो राख पृथ्वीवरच राहिली. पुढे २००२ च्या मे महिन्यात तो अग्निबाणाचा तुकडा वातावरणात शिरून नष्ट झाला. एकदा जळालेले पुन्हा जळाले, इतकेच.

बांद्यात बसून या गोष्टीचा खल करणे काहींना चैनीचे वाटेल. तेरेखोलच्या काठी राहणाऱ्या आम्हां लोकांना अग्निबाण कोण देतो? पण प्रश्न अग्निबाणाचा नव्हेच. आपल्या घरांतील मुले मुंबईला, आखाती देशांत, इंग्लंडात पांगली आहेत. दूरदेशी कोणी वारले आणि पार्थिव आणणे झेपण्यासारखे नसले, तर कित्येकदा तिकडेच दहन होते आणि एके दिवशी रक्षेचा कलश सामानातून घरी येतो. त्याचे काय करावे? थोरला म्हणतो, कपाटात फोटोपाशी ठेवू. मुलगी म्हणते, आईची चिमूटभर तरी मला द्या. धाकटा म्हणतो, तिला समुद्र आवडायचा, वेंगुर्ल्याला जाऊन सोडून येऊ. यांतील कोणाच्याही प्रेमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही या तिघांत आणि अंतराळ गाठणाऱ्या कुटुंबात एक गोष्ट समान आहे. मृत माणूस आपल्या मालकीचा आहे, हे सर्वांनीच गृहीत धरले आहे.

ख्रिस्तसभेने १९६३ साली दहनाला मुभा दिली. पुनरुत्थानाची श्रद्धा नाकारण्यासाठी केलेले नसेल, तर दहनास अटकाव नाही. मात्र दफन अधिक इष्ट. पुढे २०१६ साली व्हॅटिकनने रक्षेविषयी स्पष्ट सूचना केल्या. ती पवित्र स्थळी ठेवावी. सर्वसाधारणपणे घरी ठेवू नये. कुटुंबीयांनी वाटून घेऊ नये. दागिन्यांत घालू नये. हवेत, जमिनीवर वा पाण्यात विखरू नये. अन्य कोणत्याही प्रकारेही नाही, अशी पुस्ती तेथे आहे. तीत अंतराळही आले.

या नियमांमागे देवाच्या सामर्थ्याविषयी भीती आहे असे कोणी समजू नये. खोल समुद्रात बुडालेल्या खलाशाला जो उठवील, त्याला आभाळात फिरणारी कुपी काय कठीण? नियम आहे तो आपल्यासाठी. बाप्तिस्मा घेऊन जो एका समुदायाचा झाला, तो मेल्यावर केवळ मुलाबाळांचा उरत नाही. २ नोव्हेंबरला दफनभूमीत काय घडते ते आठवा. ज्या थडग्यावर झेंडूची माळ आहे त्यावर फादर पवित्र पाणी शिंपडतात, आणि ज्यावर गवत वाढले आहे, ज्याचा क्रूस कलला आहे, ज्याचे वारस कोठे गेले हे कोणासही ठाऊक नाही, त्यावरही शिंपडतात. ज्याचे कोणी नाही त्यालाही तेथे वाटा आहे. अंतराळातल्या कुपीत मात्र ज्याचे पैसे भरले तोच असतो.

येथे कोणी चतुर वाचक आम्हांस जुन्या गोव्याकडे बोट दाखवील. संत फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यालगतच्या बेटावर वारले. तेथे चुन्यात पुरलेला देह आधी मलाक्क्याला आणि १५५४ साली गोव्यात आला. १६१४ साली उजवा हात कापून त्याचा काही भाग रोमला पाठविण्यात आला. एका भाविक स्त्रीने पायाचे बोट चावून तोडल्याची कथा तर सर्वश्रुत आहे! संताच्या देहाचे तुकडे चालतात, मग लेकीला आईची चिमूटभर राख का नाही?

हा आक्षेप पोकळ नाही. बोट चावणाऱ्या बाईचे समर्थन आम्हीही करणार नाही. तिच्या भक्तीत आणि आपल्या हव्यासात फारसे अंतर नाही. पण रोमला गेलेला तो हात कोणाच्या तिजोरीत गेला नाही, वेदीवर गेला. तेथे कोणीही परका गुडघे टेकू शकतो. गळ्यातल्या पदकातली राख मात्र एकीचीच होते आणि तिच्यामागे ते पदक कोणाकडे जाईल हे कोणी सांगावे?

पंडित नेहरूंची बहुतांश रक्षा १९६४ साली त्यांच्या इच्छेनुसार विमानातून शेतांवर विखुरली गेली. आपल्याला ती रीत चालणारी नाही. तरी तेथे विमान वर गेले ते राख मातीत पडावी म्हणून, हे विसरू नये. अंतराळात जाऊन आलेल्या कल्पना चावला यांची रक्षाही अखेर अमेरिकेतील एका राष्ट्रीय उद्यानाच्या भूमीवर विसावली.

चंद्राचा विषय आणखी नाजूक आहे. २०२४ च्या जानेवारीत मानवी रक्षा घेऊन एक खासगी यान चंद्राकडे निघाले, तेव्हा अमेरिकेतील नवाहो या आदिवासी राष्ट्राने हरकत घेतली होती. चंद्र त्यांना पवित्र आहे. इंधनगळतीमुळे ते यान चंद्रावर पोहोचलेच नाही. चांदोबाला मामा म्हणत वाढलेल्या आम्हांस त्या हरकतीचा अर्थ लगेच उमगतो. जे सर्वांचे आहे तेथे कोणा एकाने आपले थडगे का बांधावे?

आणि तरीही यूजीन शूमेकर यांच्याविषयी कठोर होणे आम्हांस जमत नाही. आयुष्यभर चंद्राचा अभ्यास केलेल्या या भूवैज्ञानिकाचे तेथे जाण्याचे स्वप्न आजारपणामुळे राहून गेले. ३१ जुलै १९९९ रोजी नासाच्या यानाबरोबर त्यांची थोडी रक्षा चंद्रावर आदळली. २०२३ च्या डिसेंबरात व्हॅटिकनने थोडी सवलत दिली आहे: रक्षा पवित्र स्थळी असेल आणि श्रद्धेविषयी गैरसमजाला जागा नसेल, तर तिचा अत्यल्प अंश मृताच्या जीवनाशी निगडित अशा ठिकाणी जपून ठेवण्याची विनंती धर्माधिकारी विचारात घेऊ शकतात. उद्या एखाद्या कॅथलिक खगोलवेत्त्याच्या घरच्यांनी चंद्राचे नाव घेतले, तर बिशपांनी काय सांगावे? आदळणे म्हणजे जपणे नव्हे, असे आमचे मत. पण अर्ज हाती घेणाऱ्याला रात्रभर झोप लागू नये.

बांद्याहून असा अर्ज निघणार नाही. कलश मात्र येत राहतील. जेथे दफनभूमीच्या भिंतीत रक्षेसाठी कोनाडे नाहीत, तेथे पुढच्या २ नोव्हेंबरपूर्वी चार तरी करून घ्यावेत आणि त्यांतला एक ज्यांचे कोणी नाही त्यांच्यासाठी मोकळा ठेवावा.