दारावरचा आपलाच माणूस

मुलुंड (पूर्व)
रविवार, पहाट

चि. सोन्यास अनेक आशीर्वाद.

पाच वाजायला आलेत, दूधवाला यायचाय आणि तुझी आजी आत झोपलीय. (ती झोपलेली असताना मी चहात दीड चमचा साखर घालतो, हे तू तिला कळवायचं नाहीस.) फोन केला असता, पण फोनवर आपण दोघेही एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देत नाही, आणि मला जे बोलायचंय ते तुकड्यातुकड्यांनी सांगण्यासारखं नाही. तुझी आई या कागदाचे फोटो काढून तुला पाठवेल. मूळ कागद मी बिस्किटांच्या डब्यात ठेवतो, तू आलास की घे.

आईने मला सगळं सांगितलं. कॉलेज सुटल्यावर तू ज्या दुकानात उभा राहतोस तिथे कुणी गिऱ्हाइकाने सुटे पैसे तुझ्या अंगावर टाकले, तुझ्या बोलण्याची नक्कल केली, आपल्या देशात परत जा म्हणाला. तू मूठ वळून काउंटरच्या बाहेर आलास, आणि शेजारी काम करणाऱ्या त्या चिनी पोराने तुझं मनगट धरलं म्हणून पुढचं टळलं. आता तू नोकरी सोडतो म्हणतोस. आणि आईला विचारलंस की आठ वर्षं संभाजी मैदानाजवळच्या कुंग फूच्या क्लासला मला पाठवलंत ते कशासाठी? प्रश्न तिला विचारलास, पण त्या क्लासची फी मी भरत होतो, तेव्हा उत्तरही मीच द्यायला हवं.

लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं मी घाटकोपरच्या भटवाडीत, चाळीत राहत होतो हे तुला माहीत आहे. तिथे गणपतीत व्हिडिओ आणायची पद्धत पडली होती. रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर, दोन्ही वर्गणीतून एका रात्रीपुरते भाड्याने, त्यामुळे भाडं वसूल व्हायचं तर पहाटेपर्यंत तीन सिनेमे व्हायलाच हवेत. पहिला देवादिकांचा, दुसरा अमिताभचा, आणि बायका उठून झोपायला गेल्या की तिसरा ब्रूस लीचा. ‘एन्टर द ड्रॅगन’ आम्ही आधीच थिएटरात सकाळच्या खेळाला पाहिला होता, पण या रात्रींमुळे त्याचे जुने सिनेमे कळले, आणि खरं सांगू, मला तेच जास्त आवडले.

त्यातला ‘द बिग बॉस’ १९७१ चा. तू पाहिला नसशील. चीनमधून पोटासाठी थायलंडला आलेला एक पोरगा, चुलतभावंडांबरोबर एका घरात दाटीवाटीने राहतो आणि बर्फाच्या कारखान्यात कामाला लागतो. आईला त्याने शब्द दिलेला असतो की हाणामारी करणार नाही, आणि त्या शब्दाची आठवण म्हणून गळ्यात एक हिरवा दगड. समोर भावांना गुंड झोडतायत आणि हा मुठी आवळून नुसता बघतोय, दगडाला हात लावतोय, असं किती तरी वेळ चालतं. आमच्या चाळीतली पोरं ओरडायची, अरे मार की! आम्हाला तो इतका जवळचा का वाटायचा ते मला फार उशिरा कळलं. एका खोलीत आठ माणसं, गावाकडे आई, कारखान्यात मुकादमाची बोलणी. तो कोकणातून आलेला चाकरमानीच होता, फक्त त्याचा गाव चीनमध्ये होता.

मग झटापटीत तो दगड तुटतो, आणि टाळ्या सुरू होतात.

पण बाळा, टाळ्या थांबल्यावर काय होतं ते कोणी बघत नाही. एकदा आमच्यात गिरणीत काम करणारे एक काका बसले होते. १९८२ चा संप चाललेला, दत्ता सामंतांच्या शब्दावर महिनोन्‌महिने घरी बसलेला माणूस. सिनेमा संपला, पोरं उड्या मारत होती, आणि काका विडी विझवत म्हणाले, “जिंकला खरा, पण घरातलं उरलं कोण त्याचं?” खरंच. शेवटी भावंडं मेलेली असतात आणि त्याला पोलीस घेऊन जातात. पुढच्या वर्षीच्या ‘फिस्ट ऑफ फ्युरी’त तर तो बंदुका रोखलेल्या शिपायांवर झेप घेतो आणि चित्र तिथेच हवेत थांबतं, मागे नुसता गोळ्यांचा आवाज. त्याच्या राग येण्याला माझी हरकत कधीच नव्हती, तुझ्याही नाही. अपमान झाल्यावर ज्याला राग येत नाही त्याचं काही तरी आत मेलेलं असतं. मला भीती वाटते ती फक्त रागानंतरच्या त्या दहा सेकंदांची.

पडद्याबाहेरचा ब्रूस ली मात्र थांबायला शिकला होता, शिकावंच लागलं त्याला. जन्म सॅन फ्रान्सिस्कोचा, १९४० चा, म्हणजे कागदोपत्री अमेरिकनच. पण चिनी मजुरांनी देशात येऊ नये म्हणून तिथे १८८२ साली केलेला कायदा तेव्हा अजून लागू होता, तो १९४३ ला उठला. वाढला हाँगकाँगला, परत आला, शिकला, आणि जो येईल त्याला, गोरा असो काळा असो, आपली विद्या शिकवू लागला. दूरदर्शनवरच्या एका मालिकेत काम मिळालं ते मालकाच्या ड्रायव्हरचं. पुढे शाओलिनच्या भिक्षूवर ‘कुंग फू’ नावाची मालिका निघाली, तेव्हा तिच्यातला भिक्षू झाला डेव्हिड कॅरडाइन, एक गोरा नट. १९७१ मध्ये कॅनडाच्या पिअर बर्टन यांनी मुलाखतीत त्याला चिनी नायक अमेरिकेत चालेल का, यावरून छेडलं. त्याचं म्हणणं असं की निर्मात्यांना धंद्यात ती जोखीम वाटते आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. हाँगकाँगमध्ये मी पैसे घालणारा असतो आणि कोणी परका नट आला असता, तर मलाही धाकधूक वाटली असती. (बघ, केवढं मोठं मन!) तोवर तो हाँगकाँगला परतला होता, आणि तिथे दोन वर्षांत त्याने असे सिनेमे केले की त्याच हॉलिवूडला त्याच्या दारात यावं लागलं.

त्यानेही एकदा घाई केली हं. १९७० मध्ये एका सकाळी अंग गरम न करताच वजन उचललं आणि पाठीची नस दुखावली. कित्येक महिने अंथरुणाला खिळला, पुन्हा लाथ मारता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले. त्या महिन्यांत त्याने वाचलं आणि वह्या लिहिल्या. तो गेल्यावर त्या वह्यांचं पुस्तक झालं. गेला २० जुलै १९७३ ला, बत्तिसाव्या वर्षी. आपले सोलापूरचे डॉ. कोटणीसही चीनमध्ये युद्धातल्या जखमींची सेवा करता करता १९४२ मध्ये गेले, तेही बत्तिसाव्याच वर्षी. आजीला हे सांगितलं तर ती म्हणते, पोराला असलं काही लिहू नका, तो तेवीस वर्षांचा आहे, उगाच मोजत बसेल. तेव्हा मोजू नकोस.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. कुंग फू या शब्दाचा मूळ अर्थ मारामारी नव्हेच. वेळ आणि कष्ट घालून जे हाती येतं ते, मग ती लाथ असो, स्वयंपाक असो की अक्षर. आपण कमावलेला गळा म्हणतो ना, कमावलेलं अंग म्हणतो, तेच. शाओलिनच्या छत्तीस दालनांचा एक सिनेमा आहे, १९७८ चा. त्यात शिकायला आलेल्या पोराला आधी पाणी भरायला लावतात, हात आडवे ताणून, आणि हात खाली आले तर टोचतील असे दंडांना सुरे बांधून. तो बघताना आम्ही हसलो होतो, कारण भटवाडीत नळाला पाणी पहाटे साडेचारला यायचं आणि डोंगरउतारावरच्या पायऱ्यांनी दोन-दोन कळशा मी अकरा वर्षं वाहिल्या, सुरे न बांधता. पहाटे उठायची माझी सवय तिथली. पाणी आता चोवीस तास आहे पण डोळा साडेचारलाच उघडतो. तुला मी क्लासला घातलं ते तुझा हात उठावा म्हणून नाही, उठलेला हात तुला धरता यावा म्हणून. या खेपेला दुसऱ्याने धरला. असू दे, पिवळा पट्टाही एका दिवसात मिळाला नव्हता.

इथपर्यंत लिहून पत्र संपवणार होतो. दूधही आलं. पण मनात दुसरंच काही तरी खुपतंय, ते लिहिल्याशिवाय कागद बाजूला ठेववत नाही.

‘फिस्ट ऑफ फ्युरी’त शांघायच्या बागेचं एक दार आहे. पाटी लावलेली: कुत्र्यांना आणि चिन्यांना मज्जाव. (खऱ्या बागेच्या पाटीवर नियमांची यादी होती, त्यात बाग परदेशी लोकांसाठी राखीव हा एक नियम आणि कुत्री, सायकली नकोत हा दुसरा, लोकांनी दोन्ही जोडून वाचलं, आणि ज्याला आत सोडत नव्हते त्याने ते तसं वाचलं तर चूक काय? चिन्यांना ती बाग खुली झाली १९२८ ला.) ब्रूस ली उडी मारून ती पाटी लाथेने फोडतो, हे सगळ्यांना आठवतं. पण त्याआधी त्याला अडवून पाटीकडे बोट दाखवणारा रखवालदार कोण, आठव. फेटेवाला शीख. आपला माणूस! शांघायच्या परदेशी वसाहतीत इंग्रजांनी शीख पोलीस खरोखरच ठेवले होते. स्वतः गुलाम देशातला, घर सोडून पोटासाठी समुद्रापार आलेला, आणि दारावर उभा राहून दुसऱ्या तशाच माणसाला सांगतोय, तुला आत जायला नाही.

भांडुपच्या कारखान्यात मी लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात साहेबाच्या तोंडून ‘घाटी’ ऐकलं. शब्दात काही नाही, घाटावरचा माणूस, आणि मी तर कोकणातला. पण तो ज्या नाकातून यायचा तो आवाज अजून कानात आहे. त्याच काळात याच मुंबईत दक्षिणेकडच्या लोकांना लुंगीवाले म्हणून हुसकायच्या घोषणा व्हायच्या, त्या मी दिल्या नाहीत, पण ऐकून हसलो. आणि १९६२ च्या लढाईनंतर आपल्याच देशाने चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं, इथे जन्मलेल्या पोरांसकट. हे मला साठी उलटल्यावर कळलं.

२०२३ च्या सप्टेंबरात मुलुंडमध्ये एका बाईला ती मराठी म्हणून कचेरीसाठी जागा नाकारली, तेव्हा सगळं मुलुंड पेटलं होतं. मीही कट्ट्यावर तावातावाने बोललो. घरी येऊन हातपाय धुताना एकदम आठवलं. दहाबारा वर्षांपूर्वी मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. दुसऱ्या मजल्यावरची खोली भाड्याने घ्यायला दोन मुली आल्या होत्या, मिझोरामच्या, ऐरोलीला नोकरी करणाऱ्या, तुझ्याच वयाच्या. कागदपत्रं चोख. कमिटीत कोणी म्हणालं, त्यांच्या खाण्याचा वास येतो. कोणी म्हणालं, चिंकी मुली, कोण येईल कोण जाईल. मी गप्प बसलो आणि मग नकाराच्या ठरावावर सही केली. त्याच आठवड्यात आपल्या घरी सुके बोंबील भाजले होते, वास पार तळमजल्यापर्यंत गेला होता, आणि कोणी चकार शब्द काढला नव्हता. पुढे २०२० मध्ये करोनाच्या दिवसांत सांताक्रूझच्या कलिन्यात एका मणिपुरी मुलीच्या अंगावर कोणी थुंकल्याची बातमी आली, तेव्हा मी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. मिझोरामच्या मुलींचं मला तेव्हाही आठवलं नाही. आठवलं ते स्वतःवर आल्यावर.

परवा सोसायटीचं ते जुनं रजिस्टर मागून पाहिलं. अक्षर माझंच, कमावलेलं. नावाच्या रकान्यात लिहिलंय: दोन मुली, नॉर्थ-ईस्ट.

असो. तू आता काय करायचंस ते ऐक. जे झालं ते लिहून मालकाला दे: तारीख, वेळ, शब्द जसेच्या तसे, कोण हजर होतं. धीर धर म्हणजे गिळून टाक असं मी म्हणत नाही, कॉलेजातही कळव. नोकरी सोडायची तर खुशाल सोड, पण महिना भरू दे, पगार खात्यात पडू दे, दुसरीकडे बोलणी होऊ दे. रागाच्या भरात मोडलेली ठेव व्याजासकट जाते. व्यायाम सोडू नकोस, आणि अंग गरम केल्याशिवाय वजनाला हात लावू नकोस. आजीने मेतकूट आणि कुळथाचं पीठ बांधून ठेवलंय, समोरच्या विंगेतली मुलगी पुढच्या महिन्यात तिकडे येतेय तिच्याबरोबर पाठवतो. दोन पाकिटं आहेत, एक त्या पोराला दे, पिठी कशी करायची ते दाखव.

आणि त्याचं नाव तू आईला सांगितलंच नाहीस. पुढच्या फोनला सांग, उच्चार नीट करून, दोनदा. मी वही घेऊन बसतो.

तुझे
आबा